घरचं खायला लागला की

"गेला का एखादा घास?"

आत्यांनी शेगडीकडं तोंड ठेवूनच विचारलं. सासूबाईंना आमच्याकडं आत्या म्हणतात. मी हातातल्या वाटीकडं बघितलं. वाटीत सकाळच्या कण्या होत्या, ज्वारीच्या, घरातल्या सगळ्यांनी खाल्लेल्याच. त्यातल्या पळीभर बाजूला काढून, ताकात कालवून, बोटानं मोडून मऊ केलेल्या. श्रेयसच्या हनुवटीवर कण्या होत्या, गळ्याच्या वळीत होत्या, माझ्या पदरावर होत्या. पोटात नव्हत्या.

"नाही."

"काल?"

"कालपण नाही."

"काय म्हणावं ह्या पोराला! आमच्या भारतनं, ह्याच्या बापानं, सहाव्या महिन्यात अंगणातली माती खाल्ली होती मूठभर. आणि हा शिजवलेलं खाईना."

समू, माझी मोठी मुलगी, तेव्हा चार वर्षांची. तिचं ताट रिकामं झालं होतं. "त्याच्या मी खाऊ?" म्हणाली. मी वाटी तिच्यापुढं सरकवली. श्रेयसचं तोंड पुसलं, पदर पुसला, वाटी घासून पालथी घातली. हे केव्हाच डाळ मिलमध्ये गेले होते. एक काम संपलं, आता धुणं.

मला वाईट वाटलं नाही. त्या वर्षी मला काहीच वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग गालाला हात लावला तर गाल दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा लागतो, तसं. भूक कळायची, झोप कळायची, पाय दुखलेले कळायचे. बाकी सगळं त्या गालासारखं.

श्रेयस पोटात राहिला तेव्हा तो आम्हाला नको होता. समूच्या वेळचं अंग अजून भरून आलं नव्हतं. ह्यांची मिलमधली पाळी बदललेली, आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. आम्ही दोघं बोललो, डॉक्टरांशी बोललो, सोमवार ठरला. शनिवारी सकाळी पहिल्या गाडीनं उदगीरहून आक्का आल्या.

आक्का म्हणजे ह्यांची मोठी बहीण. लग्नाला सोळा वर्षं झालेली, पाळणा हललेला नव्हता. दाजींचं भांड्यांचं दुकान. आक्का दुकानात बसायच्या, गिऱ्हाइकांना हसवून हसवून पातेली खपवायच्या. आवाज मोठा, अंग मोठं. त्या दिवशी मात्र चपला न काढता उंबऱ्यातच बसल्या.

"पद्मा, आईनं सांगितलं मला फोनवर."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.

"सोमवारी जाऊ नको. नऊ महिने तू सांभाळ, पुढं मी बघते. माझ्या ओटीत घाल."

आत्या आतून बाहेर आल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मला वाटतं मी मेथी निवडत होते. मी म्हणाले, "न्या."

"असं नको म्हणू. विचार कर."

"केला. न्या."

"भारत्याला विचार."

"त्यांना तुम्हीच विचारा, आक्का. ते तुमचं ऐकतात."

आक्का हसायला लागल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. मांडीवर थापा मारत होत्या. मग डोळे पुसून, दुकानातल्यासारखा पक्का व्यवहार करावा तसं म्हणाल्या, "पण मी लेकराला दुधावरून तोडणार नाही, बरं का. ते पाप मला नको. अंगावर पितोय तोवर तुझा. घरचं खायला लागला की माझा."

घरात त्या वाक्याचा मुहूर्तच झाला. घरचं खायला लागला की. आत्या म्हणायच्या, हे म्हणायचे, दाजी फोनवर म्हणायचे. मीही म्हणायचे. शेजारणीनं विचारलं, कितवा गं, तर "आक्कांचा सहावा" असं तोंडातून निघून जायचं. मग हसून सावरायचे. मला ते जड गेलं नाही. दुसऱ्याचं सामान आपल्या घरी ठेवलं की आपण ते जपतो, पण उघडून बघत नाही.

बारशाला आक्कांनी त्याच्या कानात नाव सांगितलं. नाव ठेवायचा मान बापाच्या बहिणीचा, आत्याचा, आणि तोवर त्या त्याच्या आत्याच होत्या. कानापाशी वाकून बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या. "अगं, नाव एवढं लांब ठेवलंस काय?" दाजींनी विचारलं, तेव्हा सगळ्या बायका हसल्या.

उष्टावण डिसेंबरात झालं, सहावा भरल्यावर. पहिला घास मामानं द्यायचा असतो. माझा भाऊ कळंबला असतो. त्याला बोलवायचं का, असं मी आत्यांना विचारलं. मग आक्काच म्हणाल्या, "अगं, हिशोब लाव की. मी आई, तर माझा भाऊ काय झाला?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं. ह्यांच्याही.

चौरंगापुढं पाट मांडला. मी श्रेयसला न्हाऊ घातलं, पाजलं, नवं अंगडं घातलं आणि आक्कांच्या मांडीवर दिलं. चांदीच्या वाटीत खीर, त्यात बुडवायला अंगठी. हे पाटावर बसले, पण नेहमीप्रमाणे मांडी घालून ऐसपैस.

"भारत्या, नीट बस," आक्का म्हणाल्या. "आज तू बाप न्हाईस, मामा हायेस. मामासारखा बस."

"मामा कसा बसतो?"

"देणं असल्यासारखा!"

हशा झाला. मीही हसले. ह्यांनी अंगठी खिरीत बुडवली आणि श्रेयसच्या ओठांना लावली. अर्धी खीर गालावर गेली. श्रेयसनं जीभ बाहेर काढली, चव बघितली आणि सगळं ह्यांच्या शर्टावर थुंकलं.

"मामा पसंत नाही दिसत," दाजी म्हणाले.

ह्यांनी शर्ट पुसला नाही. उठून मोरीकडं गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

त्यानंतर रोज. सकाळी कण्या, नाहीतर पोहे भिजवून दुधात, नाहीतर सुशीला केला की त्यातले मऊ चुरमुरे. दुपारी वरणात कुस्करलेली भाकरी, संध्याकाळी भात. आरोग्य केंद्रातल्या आशाताई घरी येऊन सांगून गेल्या होत्या, पावडरचे डबे-बिबे आणू नका, वेगळी पेज-बीज करू नका, घरात शिजतं तेच मीठ-तिखट घालायच्या आधी काढून मऊ करून द्या. मी तसंच करत होते. रोज तीन वेळा वाटी भरत होते, तीन वेळा भरवत होते. तो ओठ मिटायचा. मी बोट आत घातलं तर जिभेनं ढकलून द्यायचा. रागवायचा नाही, रडायचा नाही. माझ्याकडं बघून हसायचासुद्धा. मग मी वाटी समूपुढं सरकवायची. त्या हिवाळ्यात समू चांगली गुटगुटीत झाली.

दर रविवारी दुपारी आक्कांचा फोन यायचा.

"काय म्हणतोय आमचा राजा? खाल्लं?"

"नाही, आक्का."

"एक घाससुद्धा?"

"थुंकतो."

"बरं. घाई न्हाई."

फोन ठेवताना त्यांचा आवाज जरा खाली गेलेला असायचा. मला ते ऐकू यायचं. मी फोन ठेवून पुढच्या कामाला लागायची.

मार्चच्या शेवटी आत्यांच्या लक्षात आलं की श्रेयस भिंत चाटतो. रांगत जायचा, भिंतीला धरून उभा राहायचा आणि चुना सुटलेल्या जागी जीभ लावायचा. त्या म्हणाल्या, "पद्मा, ह्याचं तोंड बघ बरं उजेडात." मी त्याला दारात नेलं. ओठ आणि गाल एकाच रंगाचे होते. नखं पिठात बुडवल्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी त्याची खालची पापणी ओढली.

"इथं बघा. इथं लाल दिसायला पाहिजे. दिसतंय लाल?"

"नाही."

"काय खातो?"

"खात नाही. थुंकतो."

"दहा महिने होत आले आणि नुसत्या अंगावरच्या दुधावर?" त्यांनी रक्त तपासायला घेतलं. श्रेयस ओरडला, पण त्या ओरडण्यात जोर नव्हता. कागद आला तो त्यांनी माझ्यापुढं धरला. "हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ. अहो, घरात सकाळी काय करता?"

"कण्या. पोहे. कधी सुशीला."

"मग तेच. कण्याच द्या. डाळ द्या, पालेभाजी द्या. दुधानं रक्त वाढत नाही ह्या वयात. हे औषध देते, पण औषधावर सगळं सोडू नका. पंधरा दिवसांनी वाढलेलं दिसलं नाही तर दवाखान्यात ठेवून रक्त चढवावं लागेल." मग त्या थांबल्या. श्रेयसकडं नाही, माझ्याकडं बघत होत्या. "भरवता तेव्हा भुकेला असतो ना?"

"हो," मी म्हणाले.

मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

घरी आल्यावर ह्यांनी आक्कांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का दारात. ह्या वेळी दोन पिशव्या, आणि एक पिशवी नुसती भांड्यांची: लहान ताटली, लहान तांब्या, लहान चमचा. श्रेयसला उचलून त्याच्या पापण्या बघितल्या, नखं बघितली. पदर खोचून स्वयंपाकघरात माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या.

संध्याकाळचा भात त्यांनीच भरवायला घेतला. गाणी म्हटली, भुवया उडवल्या, चमच्याची मोटार केली. "हा घास मामाचा! हा घास आजीचा! हा घास आमच्या नगरसेवकाचा, नको बाबा, तो पोट बिघडवील." समू हसून हसून आडवी झाली. श्रेयसही खिदळत होता. पण चमचा जवळ आला की ओठ बंद.

"पोट भरलेल्या माणसासारखा बसतोय गं हा," आक्का म्हणाल्या. "पंगतीतून उठलेल्या जावयासारखा. आग्रह करा, नुसता हसतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच, दुपारीही तसंच. दुपारी भाकरी कुस्करताना त्यांनी सहज विचारलं, "मघाशी आतल्या खोलीत कशाला गेली होतीस?"

"केस विंचरायला."

त्यांनी माझ्या केसांकडं बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कण्या शिजल्या. आत्यांनी पातेलं उतरवलं, श्रेयसची पळी वेगळी काढून मग बाकीच्यांत मीठ घातलं. "निवू दे जरा," त्या म्हणाल्या. मी श्रेयसला कडेवर घेऊन आतल्या खोलीत गेले. मधल्या दाराला पडदा होता. थोड्या वेळानं तो पडदा बाजूला झाला. आक्का उभ्या होत्या.

"पद्मा," त्या हळू म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. "भरवायच्या आधी तू पाजतेस होय त्याला?"

"नाही," मी म्हणाले.

आक्का तशाच उभ्या राहिल्या. त्या माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या. त्या जिकडं बघत होत्या तिकडं मी बघितलं. श्रेयस माझ्या मांडीवर होता. एक पाय माझ्या पोटाला लावून, डोळे मिटून, घटाघटा पीत होता. त्याची मूठ माझ्या पोलक्याच्या काठात अडकलेली होती. तो केव्हा प्यायला लागला ते मला सांगता आलं नसतं.

"नाही," मी परत म्हणाले.

आक्का आत आल्या, पडदा सारखा केला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"रोज?"

"मला माहीत नाही."

"दुपारीसुद्धा?"

"मला माहीत नाही, आक्का."

मी आठवायला लागले. कण्या निवेपर्यंत. वरण घोटेपर्यंत. ताटं मांडेपर्यंत. प्रत्येक वेळी मधली दहा मिनिटं, प्रत्येक वेळी हा पडदा. उष्टावणाच्या दिवशीही न्हाऊ घालून, पाजूनच मी त्याला चौरंगापाशी आणलं होतं. हे सगळं मी केलं होतं. रोज तीन वेळा केलं होतं, आणि मग भरलेल्या पोटाच्या मुलापुढं वाटी धरून घरातल्या सगळ्यांना सांगत होते की हा खात नाही. आणि तो भिंत चाटत होता.

आक्कांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या मान खाली घालून सतरंजीचा एक दोरा ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ दे. प्यायलाय. उद्या पहाटे पाज, मग आठपर्यंत न्हाई."

"बरं."

"रडंल."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तो रडला. सात वाजल्यापासून माझ्या पदराला ओढत होता. आक्कांनी त्याला घेतलं नाही, आत्यांनीही नाही. कण्या झाल्या. मी त्याची वाटी काढायला गेले, तर आक्का म्हणाल्या, "वाटी नको. तू जेवायला बस. त्याला मांडीवर घे आणि तुझ्याच ताटातलं दे. आज बिनमिठाच्या खा."

मी बसले. ताटात कण्या, वर ताक, कडेला थोडं पातळ वरण. एक घास मी खाल्ला. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. रडणं थांबलं होतं. दुसरा घास मी बोटावर घेतला आणि त्याच्यापुढं धरला.

त्यानं दोन्ही हातांनी माझं मनगट पकडलं आणि बोट तोंडात ओढून घेतलं.

गिळलं. कण्या घशाखाली उतरल्या ते मला दिसलं. मग माझा हात ताटाकडं वळला की त्याचं तोंड उघडायचं, हात यायच्या आधीच. घाई करायचा. ठसका लागला, पाणी दिलं, परत तोंड उघडलं. मी त्याला सगळं ताट भरवलं. शेवटी तो पुढं वाकून ताटावर हात आपटायला लागला. ताक उडालं, त्याच्या डोळ्यांत गेलं, तो मिचकावत मिचकावत हसला. माझं पोलकं दोन्हीकडून भिजलं होतं. दूध खाली त्याच्या डोक्यावर टपकत होतं आणि तो खात होता.

आत्या पदरानं तोंड झाकून उभ्या होत्या. हे मिलला निघालेले, डबा हातात घेऊन दारात थांबले होते. समू म्हणाली, "आई, त्यानं खाल्लं! सगळं खाल्लं! आता मला काय उरलं?"

आक्कांनी ताट माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं.

"पद्मा," त्या म्हणाल्या, "हे दोघं उभे आहेत, ह्यांच्यासमोर विचारते. तुला ठेवून घ्यायचा असंल तर आत्ता सांग. मी रडीन, तुला चार शिव्या हासडीन, वर्षभर ह्या घरात पाय ठेवणार न्हाई. पण जाईन. तू नुसतं न्हाई म्हण."

ह्यांच्या हातातल्या डब्याची कडी वाजली तेवढीच.

मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं ते एका शब्दाचं होतं. कालच तर तो शब्द मी दोनदा म्हणाले होते, दूध पाजत असताना. पण ज्या माणसाच्या बोलण्यानं हा मुलगा सोमवार ओलांडून जगात आला ते माणूस समोर बसलं होतं, आणि मांडीवर होता तो मुलगा, ज्याला मी चार महिने भरल्या घरात पांढरं केलं होतं. मी त्याच्या नखांकडं बघितलं.

"कण्या दोन पाण्यानं धुवायच्या," मी म्हणाले. "मीठ टाकायच्या आधी त्याच्या काढायच्या."

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या.

"ताक आंबट चालत नाही त्याला. सकाळचंच घ्या. भाकरी काठाची नको, मधली. पोह्यांत शेंगदाणा राहू देऊ नका. वरण पुढं केलं की वास घेतो, त्याला हिंग आवडतो. चमचा उजवीकडून आणला तर तोंड वळवतो, डावीकडून आणायचा. पाणी पेल्यानं द्यायचं, तांब्यानं दिलं तर नाकात जातं. केळं आवडत नाही. गाजर उकडून हातात दिलं तर स्वतः चोखतो. झोप आली की कान ओढतो, तेव्हा भरवायचं नाही."

मी बोलत होते. मला एवढं सगळं माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. जो मुलगा काही खातच नव्हता, त्याला काय आवडतं ते मी न थांबता सांगत होते. हे डबा तिथंच ठेवून बाहेर गेले.

"अजून?" आक्कांनी विचारलं.

"भोपळ्याची भाजी. पण फोडी मोठ्या ठेवायच्या."

त्यानंतर पंधरा दिवस आक्का राहिल्या. पंधरा दिवस मी त्याला माझ्या ताटातलं भरवलं, आधी जेवण, मग दूध, आणि मग हळूहळू दूध कमी. आक्का शेजारी बसायच्या. पहिल्या आठवड्यात मी भरवायची आणि त्या बघायच्या, दुसऱ्या आठवड्यात त्या भरवायच्या आणि मी बघायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चढायला लागलंय की! काय केलंत?" आक्का म्हणाल्या, "काही न्हाई. घरचं खायला लागलाय."

आता तो सात वर्षांचा आहे. मला मामी म्हणतो, ह्यांना मामा. दिवाळीत येतो, आल्या आल्या डबे उघडून बघतो. त्याला अजून सांगितलेलं नाही. आक्का म्हणतात, दहावी झाली की सांगू. मी म्हणते, बरं. जेवायला बसला की मी त्याला वाढते आणि तिथून उठून दुसरं काम काढते. कुणी मला त्याबद्दल काही विचारत नाही.

आक्का त्याला घेऊन गेल्या त्या दिवशी वैशाखातलं ऊन होतं. हे त्याला कडेवर घेऊन स्टँडपर्यंत गेले. मी दारापर्यंत गेले. आक्कांनी वाकून माझे पाय धरले. मोठ्या नणंदेनं भावजयीचे पाय धरायचे नसतात. मी मागं सरले, पण त्यांनी धरलेच. मग मी आत येऊन भांडी घासली. दुपारी जेवले. दोन भाकऱ्या जेवले. आत्यांनी तिसरी वाढली, तीही खाल्ली.

संध्याकाळी छाती दगडासारखी झाली. हात वर होईना. अंगात कणकण आली. आत्या कुणाला न सांगता बाहेर गेल्या आणि पानात बांधलेली पुडी घेऊन आल्या. पुडीत मोगऱ्याचे चार गजरे होते.

"आत चल," त्या म्हणाल्या. "पोलकं काढ."

"हे कशाला, आत्या?"

"मोगऱ्यानं दूध आटतं." त्यांनी जुन्या धोतराची मऊ पट्टी फाडली, गजरे छातीवर पसरून ठेवले आणि पट्टी गुंडाळून पाठीमागं गाठ मारली. फुलं गार होती. "उद्या बदलू. तीन दिवस लागतील. माझ्या आईनं मला बांधला होता."

"तुम्हाला? कधी?"

"भारतच्या आधी एक होतं. बावीस दिवसांचं." त्यांनी गाठ ओढून बघितली. "घट्ट झालं का?"

"नाही. ठीक आहे."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी भिंतीला टेकून बसले. समू खेळून आली, पडद्यातून आत डोकावली आणि हुंगत हुंगत माझ्याजवळ आली.

"गजरा आणला? कुठाय?"

मी पदर बाजूला केला. तिनं पट्टीखालून बाहेर आलेल्या फुलांकडं बघितलं.

"आई, तुला येत नाही का? गजरा केसांत घालतात."

"हो. चुकलं."

"मला दे ना एक."

मी पट्टी सैल केली आणि वरचा गजरा ओढून काढला. फुलं दबून एकमेकांना चिकटली होती. समू माझ्याकडं पाठ करून बसली. मी तो तिच्या वेणीत माळला, टोकं दुमडून पिन लावली. तिनं हात मागं नेऊन चाचपून बघितलं, मग तो हात डोळ्यांपुढं धरला.

"आई, ओला आहे."

"वाळेल," मी म्हणाले.